बेबीआत्याने राखलेला काठ

"ती मागची खोली उतरवायची, बस्स. भिंत तळ्यात गेली आणि भिंतीबरोबर पोरं गेली, तर जबाबदार कोण? तू?"

"हो, मी."

"तू कोण लागून गेलीस? इंजिनियर?"

"इंजिनियर नाही. पण माझा अर्धा जन्म त्या खोलीत गेलाय. तू तिकडे कधी तोंड धुवायला तरी आलास का?"

हे भांडण मी मोरीच्या दाराआडून ऐकलं. हातात घासलेली पातेली होती. खाली ठेवावीत तर आवाज होईल, म्हणून छातीशी धरून उभी राहिले. नव्या सुनेने मोठ्यांची भांडणं ऐकू नयेत, हे मला आईने सांगून पाठवलं होतं. पण भांडण माझ्याच खोलीवरून चाललेलं असलं तर काय करावं, हे काही तिने सांगितलं नव्हतं.

भांडणारा पुरुष म्हणजे माझे सासरे, अप्पा खोपकर. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आणि बाई म्हणजे त्यांची सगळ्यात धाकटी बहीण. खरं नाव राजलक्ष्मी, पण सात भावंडांत शेवटची म्हणून बेबी. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी बेबी ती बेबीच. आम्ही बेबीआत्या म्हणायचो. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला, तेव्हापासून ती माहेरी होती.

साल पंचावन्न, भाद्रपद संपत आलेला. माझं लग्न त्याच वैशाखात झालं होतं. मी पेणची. आई अंथरुणाला खिळली म्हणून चौथीतून शाळा सुटली, ती सुटलीच. सासरी माझं नाव लतिका ठेवलं. लतिका म्हणजे नाजूक वेल, असं यांनी मला समजावून सांगितलं. मी तेव्हाही चांगली भक्कम होते. नाव ठेवणाऱ्यांनी मला आधी नीट बघितलं नसावं.

दादर आणि माहीमच्या मधल्या पट्ट्यात तेव्हा माडांच्या वाड्या होत्या. त्यातलीच एक खोपकरांची. पुढे कौलारू घर, मागे अंगण, अंगणाला लागून तळं. फार मोठं नव्हे. या काठावरून त्या काठावर हाक मारली तर न ओरडता ऐकू जाईल, एवढंच. त्यात बेबीआत्याने जिताडी पाळली होती. बोटाएवढी पिल्लं माहीमच्या कोळणीकडून पाण्याच्या हंड्यातून आणायची आणि तळ्यात सोडायची. दोन-तीन वर्षांनी त्यांचा हातभर मासा व्हायचा. आमच्या कायस्थांच्या घरात जिताडं म्हणजे सणच. ती जिताडी पाळायची, वाढवायची, कापून कालवणही करायची. स्वतः मात्र खायची नाही. तिच्या पिढीतल्या विधवांनी मासे सोडलेले असत. अप्पा म्हणायचे, "बेबे, आता कोण मानतं ते? खा." ती म्हणायची, "जीभ विसरली रे. तू खा, काटा बघून."

आणि तळ्याच्या अगदी काठावर, घरापासून सुटी अशी एक खोली होती. तीच ती भांडणातली.

घरात माणसं इतकी, की अंथरुणं पडली की पाणी प्यायला उठलेल्याला पाऊल कुठे टाकावं हा प्रश्न. अशा घरात नव्या जोडप्याला सुटी खोली मिळणं म्हणजे काय, हे मुंबईत राहिलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. ती खोली मुळात बेबीआत्याची. आमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तिने आपली ट्रंक आणि वळकटी उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. कोणी विचारलं तर म्हणे, "तळ्याच्या ओलीने माझे गुडघे धरतात." स्वयंपाकघरात ती निजायची ती पाण्याच्या पिंपांशेजारी. तिथली ओल काय कोरडी होती?

तर त्या पावसाळ्यात तळ्याचा काठ ढासळू लागला. बाकीच्या तीन बाजूंना माड होते, त्यांच्या मुळांनी माती धरून ठेवलेली. खोलीच्या बाजूला कपडे धुवायची जागा, म्हणून तिथे गवताची काडी नाही. काठ सरळसोट उभा, वरून खोलीच्या पागोळ्या नेमक्या तिथेच पडायच्या, खालून चिंबोऱ्यांनी बिळं केलेली. आज एक ढेकूळ, उद्या एक ढेकूळ, असं करता करता एके दिवशी कपडे धुवायची शिळाच तळ्यात गेली. भिंत आणि पाणी यांच्यामध्ये आता मी आडवी झोपले तर मावेन, एवढीच जमीन उरली. माती पाण्यात उतरली की पाणी गढूळ व्हायचं आणि जिताडी वर येऊन तोंडं उघडी टाकायची.

तळं बुजवा, असं कोणी म्हणालं नाही असं नाही. पण विहिरीचं पाणी आणि सगळे माड त्या तळ्याच्या जिवावर होते. म्हणून अप्पांनी ठरवलं, खोलीच उतरवायची. शरदचंद्र, म्हणजे आमचे हे, आणि मी माजघरात झोपायचं, मधे साडीचा पडदा लावून. पडद्याच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला सासूबाई, त्यांची बहीण, आणि घोरणारे धाकटे दीर. मी पातेली छातीशी घट्ट धरली.

"बरं," शेवटी अप्पा म्हणाले, "एक पावसाळा देतो तुला. पुढच्या पावसाळ्यात काठ हलला नाही तर खोली राहील. हलला, तर दसऱ्याला मी माणसं लावून उतरवणार. मग रडायचं नाही."

"मी कधी रडले होते?" आत्या म्हणाली. ती खरंच रडत नसे.

दिवाळी झाली आणि आत्याने कामाला हात घातला. तिचा पहिला घोटाळा इथे झाला. तिने मरीन ड्राइव्हची भिंत बघितली होती. "ती समुद्र अडवते, मग माझं तळं काय समुद्राहून मोठं आहे?" असं म्हणून तिने भिवा नावाच्या गड्याकडून काळ्या दगडांची सरळ उभी भिंत रचून घेतली. दिसायला इतकी देखणी, की सासूबाई शेजारणींना दाखवायला घेऊन यायच्या. मार्गशीर्षात तळ्याचं पाणी उतरायला लागलं. पाण्याचा रेटा गेला, मागची ओली माती पुढे झुकली, भिंतीला पोट आलं, आणि एका दुपारी आम्ही तांदूळ निवडत असताना सगळीच्या सगळी भिंत धडधडत तळ्यात जाऊन बसली. बरोबर आणखी हातभर जमीन घेऊन गेली.

"बाई, तुमी सांगितली तश्शीच रचली होती," भिवा म्हणाला.

"हो रे बाबा, तेच चुकलं," आत्या म्हणाली.

अप्पा काठी टेकत आले, तळ्यात डोकावले, आणि परत गेले. संध्याकाळी जेवताना आत्या म्हणाली, "बोल ना काय ते."

"मी काही बोललो का?"

"तुझं न बोलणंच ऐकू येतंय मला."

त्या रात्री भांडी आवरताना तिने मला विचारलं, "लतिका, तुमच्या पेणला खाडीकाठी शेतं आहेत ना गं? भरतीचं पाणी रोज थडकतं त्या बांधांना. मग ते कसे टिकतात?"

मी काय सांगणार? जे लहानपणी बघितलं होतं तेवढं सांगितलं. की बांध कधी उभा नसतो, गाईच्या पाठीसारखा उतरता असतो. की पायाशी मेढी, म्हणजे लाकडाचे खुंट, ठोकतात, त्यांत काट्याकुट्या विणतात, मागे चिखल भरतात. आणि वर गवत वाढू देतात, त्याला कोणी हात लावत नाही. आत्या ऐकत राहिली. मग म्हणाली, "उतार द्यायचा म्हणजे तळ्यात पुढे सरकावं लागेल. तळं लहान होईल." हातातलं पातेलं पालथं घातलं. "होऊ दे. जिताड्यांना काय हॉलमध्ये नाचायचंय?"

युक्ती मिळाली, पण हात कुठून आणायचे? आत्याच्या उतारावर भिवाचा विश्वास नव्हता आणि भिवावर अप्पांचा नव्हता. तेवढ्यात छप्पन्नचा जानेवारी उजाडला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या हाताखाली राहणार, असं जाहीर झालं आणि सगळं गाव पेटलं. गोळीबार झाले. कर्फ्यू लागला. दादर-परळच्या बाजूने फटाफट आवाज यायचे आणि सासूबाई देवघरात जाऊन बसायच्या. त्यांचा जीव टांगलेला होता तो बंडू भाऊजींपायी. हे माझे धाकटे दीर परळच्या एका गिरणीच्या कचेरीत कारकून होते. रक्त गरम, गळ्यात आवाज मोठा. मोर्चा म्हटला की चपला पायात.

कर्फ्यूच्या पहिल्याच सकाळी ते मागच्या कुंपणावरून सटकायला निघाले. आत्या तळ्याकाठी उभीच होती.

"कुठे?"

"आत्या, बाहेर माणसं मरतायत. मी घरात बसू?"

"घरात कोण बस म्हणतंय? खाली उतर. फावडं घे."

"मुंबई चालली आणि तुला तळ्याचं पडलंय?"

"मुंबई म्हणजे काय रे? ही पायाखालची माती तीच ना? ही धर आधी. नंतर बाहेरची." आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "तुझी आई कालपासून जेवली नाही. दोन घमेली टाक, मग काय करायचं ते कर."

बंडू भाऊजींनी दोन घमेली टाकली. दोनाची किती झाली ते त्यांनाही कळलं नाही. हेही धोतर खोचून उतरले. कचेऱ्या बंद, रस्ते बंद, तीन खोपकर कारकून घरात अडकलेले. आत्याला याहून जास्त काय हवं होतं? अप्पा काठावर खुर्ची टाकून बसले आणि चिखलाला सूचना द्यायला लागले.

पाणी उतरलेलं होतं. आदल्या काठापासून दोन-तीन हात पुढे, चिखलात, बांबूच्या मेढी ठोकल्या. त्यांत माडाच्या झावळ्या विणल्या. पडलेल्या भिंतीचे दगड पायाशी नुसते ओतले, रचले नाहीत. मागच्या पोकळीत नारळाची सोडणं भरली. सोडण म्हणजे नारळावरचं जाड साल. ते पाणी धरतं, माती धरतं आणि लवकर कुजत नाही. त्यावर तळाचा गाळ चढवला. तो गाळ म्हणजे आमच्याच काठाची वाहून गेलेली माती, ती परत घरी आणली. मग धुमसाने चोपून चोपून उतार केला. बंडू भाऊजींनी खोलीच्या वळचणीला पत्र्याची पन्हळ ठोकली, म्हणजे पागोळ्या काठावर न पडता लांब जातील.

सोडणांवरून मात्र घरात मोठं भांडण पेटलं. आमच्याकडे सोडणं बंबात जाळायची. ती सगळी तळ्यात गेल्यावर ऐन थंडीत अप्पांना गार पाण्याने आंघोळ करावी लागली.

"बेबे, माझा बंब तू तळ्यात बुडवलास," अप्पा मोरीतून ओरडले.

"गार पाण्याने डोकं शांत राहतं," आत्या बाहेरून म्हणाली.

कर्फ्यू उठला तेव्हा काठ उभा नव्हता, आडवा होता, उतरता, गाईच्या पाठीसारखा. आणि बंडू भाऊजी घरात होते, हाताला फोड येऊन, पण घरात. पलीकडच्या आळीतला एक पोरगा त्या आठवड्यात घरी परत आला नाही. सासूबाईंनी त्या दिवसापासून आत्याला कधी उलट उत्तर दिलं नाही. आणि सासूबाई तशा साध्या नव्हत्या.

उतारावर आत्याने हरळी लावली. वाडीच्या कोपऱ्यांतून कांड्या उपटून आणायच्या, बोटभर अंतरावर चिखलात खोचायच्या, रोज पाणी मारायचं. मीही लावल्या. माझा पाचवा महिना तेव्हा सुरू व्हायचा होता, म्हणून वाकता यायचं. ज्येष्ठात पाऊस लागला आणि हरळी अशी पसरली, की सगळा उतार हिरवीगार सतरंजी झाला. पाऊस कोसळायचा, पाणी गवतावरून घसरून जायचं, माती जागची हलायची नाही. अप्पा रोज सकाळी छत्री घेऊन यायचे आणि काठीने काठाला टोचून बघायचे. आत्या म्हणायची, "टोच टोच. तूच भोकं पाडशील."

आषाढ गेला. मी हिशेब करत होते तो एवढाच, की दसरा आला म्हणजे सुटले.

पण त्या वर्षी ऑगस्टात दिल्लीने आणखी एक निर्णय घेतला. गुजरात आणि महाराष्ट्र एकत्र बांधून मुंबईसकट एकच मोठं राज्य. अप्पांनी वर्तमानपत्र मिटलं, गणपतीच्या तसबिरीसमोर उभे राहिले आणि बोलून गेले, "संयुक्त महाराष्ट्र होऊ दे. या गणपतीला तुला लाख दूर्वा वाहीन."

आता दूर्वा म्हणजे काय हो? हरळीच ती. आणि आमच्या आसपास गुडघाभर, हिरवी, कोवळी, भरपूर हरळी कुठे होती, तर बेबीआत्याच्या काठावर.

ही चूक आमच्याच लोकांच्या हातून व्हायची. एखाद्या चोराने काठ उपटला असता तर आत्याने त्याला झोडपून काढलं असतं. पण देवाला आणि वर महाराष्ट्राला नाही कसं म्हणायचं? शेजारच्या चाळीतल्या सुनंदाबाईंचं भजनी मंडळ होतं, त्यांनी अप्पांना शब्द दिला, जुड्या आम्ही बांधून देऊ. चतुर्थीच्या आधी दोन दिवस सगळ्या बायका टोपल्या घेऊन काठावर बसल्या. आत्या मधे उभी राहून सांगत होती, "अहो, शेंडे खुडा. तीन पानांचे कोवळे शेंडे. मुळाला हात लावू नका." पहिल्या दिवशी बायकांनी नखाने शेंडे खुडले. पण लाख म्हणजे लाख. दुसऱ्या दिवशी नखं दुखायला लागली, मग मुठी भरायला लागल्या, आणि मुठीबरोबर मुळंही यायला लागली. सगळ्यात जोरात उपटत होते ते खुद्द अप्पा. चष्मा नाकावर, धोतर चिखलात, दोन्ही हातांनी.

"अप्पा! देवाला दूर्वा पाहिजे, चिखल नको!"

"देव भावाचा भुकेला आहे. तू मोज."

"आणि काठ?"

"अगं, मुंबईचा प्रश्न आहे!"

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती माझ्या खोलीकडे बघत होती.

लाख दूर्वा वाहिल्या. अप्पांनी नवस फेडला नाही, आधीच भरला, असं सुनंदाबाई कौतुकाने सगळीकडे सांगायच्या. गणपतीसमोर दूर्वांचा डोंगर झाला होता, मूर्तीची फक्त सोंड आणि डोळे दिसत होते. काठाकडे मात्र बघवत नव्हतं. उतार बोडका झाला होता, जागोजागी खड्डे.

गौरी जेवल्या त्या दुपारी पाऊस आला. भांड्याने ओतावा तसा. आम्ही सगळे मागच्या दारात उभे. उतारावरून तांबडे ओहोळ वाहायला लागले. मग एक घास तुटावा तसा काठाचा तुकडा सुटला आणि आतली सोडणं उघडी पडली. थोड्या वेळाने दुसरा. खोलीच्या जोत्याकडे येणारी एक भेग मला दारातून स्पष्ट दिसत होती. माझे दिवस भरत आले होते. हे माझ्या मागे उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांसमोर. आमच्या घरात तोवर असं कधी झालं नव्हतं.

अप्पा खांबाला धरून उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. दसऱ्याला खोली उतरवायची अट त्यांची, आणि काठ उपटणारे हातही त्यांचेच. बेबीआत्याने आता तोंड सोडलं असतं तर कोणी तिला अडवलं नसतं.

ती म्हणाली, "अप्पा, निर्माल्य कुठे ठेवलंय?"

"पडवीत. टोपल्यांत. उद्या विसर्जनाला समुद्रावर न्यायचंय."

"न्यायचं नाही. मला पाहिजे ते."

"निर्माल्य?"

"दूर्वाच आहेत ना? मुळांसकट उपटल्यात, बरं झालं. हरळी आहे ती, चार-पाच दिवसांत मरत नाही. ओली आहे अजून. परत लावायची."

सुनंदाबाई पावसात अडकून आमच्याकडेच थांबल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो बेबीताई, देवाच्या अंगावरचं! पायदळी जाईल! पाण्यात सोडायचं असतं."

"मग तळ्यात काय दूध आहे? पाण्याशीच लावतेय. आणि पायदळी कोण तुडवणार? मी कुंपण घालीन. देवाने लाख घेतल्या, एवढ्या तो कुठे ठेवणार आहे? आम्हाला थोड्या परत देईल."

सगळे अप्पांकडे बघायला लागले. नवस त्यांचा, निर्माल्यही त्यांचं. अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावली.

"बंडू, टोपल्या आण," ते म्हणाले. "शरद, झावळ्या तोड. सुनंदाबाई, तुम्ही जुड्या सोडा. बांधल्या तुम्हीच आहेत."

आणि पाऊस जरा ओसरताच अप्पा स्वतः काठावर उतरले. हेडक्लार्क माणूस, गुडघे टेकून, चिखलात एकेक जुडी दाबत होता. आधी सुटलेल्या जागी सोडणं पुन्हा ठासली, गाळ भरला, त्यात दूर्वा रोवल्या, आणि वर झावळ्या अंथरून खुंट्या मारल्या, म्हणजे पावसाचा मार थेट मातीवर बसणार नाही. सुनंदाबाई आधी जुड्यांना नमस्कार करायच्या, मग दोरा सोडायच्या. शेवटी नमस्कार राहिला आणि नुसता दोराच सुटायला लागला. आत्या कोणावर ओरडली नाही. फक्त अप्पांना एकदा म्हणाली, "खोल दाब. वर राहिली तर वाळेल." आणि अप्पांनी ऐकलं.

पुढचे दिवस आम्ही सगळेच झावळ्या उचलून उचलून बघायचो. प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणायचा, "हात लावू नका," आणि स्वतः लावायचा. मग एका सकाळी बंडू भाऊजींनी मागून आरोळी ठोकली. मला वाटलं, गेली खोली. जाऊन बघते तर झावळीच्या फटीतून हिरवी टोकं वर आली होती. इतकी बारीक, की आधी मला दिसलीच नाहीत. आत्याने बोट लावून दाखवली.

नवरात्रात पुन्हा मोठा पाऊस झाला. अप्पा काठी न घेता आले. काठाला टोचलं नाही. उभे राहून बघितलं, आत गेले, आणि दसऱ्याच्या सकाळी पाया पडायला आलेल्या आम्हा दोघांना म्हणाले, "दिवाळीआधी त्या खोलीला चुना लावून घ्या. बाळ येणार, भिंती किती काळ्या आहेत."

आत्या शेजारीच शेवया मोडत बसली होती. तिने मान वर केली नाही. पण शेवया जरा जास्तच बारीक मोडल्या गेल्या.

माझी मोठी मुलगी त्याच खोलीत वाढली, नंतर दोन मुलगे. बाळंतपणात मला अंगावर दूध येईना, तेव्हा आत्याने तिचं सगळ्यात मोठं जिताडं काढून त्याचं सार करून पाजलं. मी म्हटलं, "आत्या, थोडं तुम्ही तरी…" तर म्हणाली, "मी वासावर जेवते गं." आज माझी नातवंडं मला विचारतात, आजी, तुम्ही एवढ्या माणसांत कसे राहिलात? मी सांगते, आम्हाला एक खोली होती. ती कोणी राखली, हे सांगायला मी हे लिहायला बसले आहे. तिचे आभार मी तिच्या तोंडावर कधी मानले नाहीत. आमच्यात आभार मानायची पद्धतच नव्हती. मानले असते तर तिने विचारलं असतं, "डोकं दुखतंय का?"

त्या वर्षापासून एक रीत पडली. गणपतीच्या दिवसांत आत्या काठाजवळ पाट मांडून बसायची. ज्याला दूर्वा हव्या त्याने तिच्यापुढे टोपली धरायची. ती स्वतः शेंडे खुडून एकवीस-एकवीसच्या जुड्या द्यायची. कोणी मोठा नवस सांगितला तर म्हणायची, "लाखाचा असेल तर शिवाजी पार्कात जा. इथे एकवीस." आणि लोक हसत हसत एकवीस न्यायचे. देवाचंही काही अडलेलं दिसलं नाही.

साठ साली महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. एक मेला आमच्या भागात कमानी उभ्या राहिल्या, दिवे लागले, पेढे वाटले. बंडू भाऊजींचा घसा बसला. अप्पा ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "लाख दूर्वा वाहिल्या होत्या मी."

आत्या म्हणाली, "तुझ्या दूर्वांनी मुंबई मिळाली की नाही, ते मला ठाऊक नाही. खोली राहिली, तेवढी मी बघितली."

"मग तेवढं तरी म्हण, माझ्या दूर्वांनी राहिली."

"म्हणते की. उपटल्यास तू, लावल्यासही तू."

अप्पा इतके खूश झाले, की त्यांनी तिला स्वतःच्या वाटणीचा पेढा दिला.

त्याच महिन्याच्या शेवटी ती गेली. पहाटे उठलीच नाही. कोणाला सेवा करू दिली नाही, कोणाला जागवलं नाही. आदल्या दिवशी तिने एकच काम केलं, दर वर्षी पावसाआधी करायची ते. पाण्याशी असलेल्या मेढी वर्षभरात कुजतात, त्या बदलाव्या लागत. त्यासाठी ती स्वतः दादरला गणपत बांबूवाल्याकडे जायची. त्या दिवशीही सकाळी चहा पिऊन छत्री घेऊन गेली. उन्हातून हातगाडीच्या पुढे पुढे चालत परत आली. गाडीवर कमानींचे उतरवलेले बांबू होते, एकावर अजून झेंडूची वाळकी माळ गुंडाळलेली.

"जुने आणलेत?" सासूबाईंनी विचारलं.

"जुने कसले? महिन्याभराचे आहेत. नुसते उभे होते, काम काय केलं त्यांनी?"

गाडीवाल्याला तिने बांबू सावलीत, खोलीच्या मागे उतरवायला लावले. एकेक हातात घेऊन ठोकून बघितला. गाडीवाला कंटाळून विडी ओढत बसला. दोन बांबू तिला आतून किडलेले वाटले. ते तिने उचलून परत गाडीवर टाकले.

"गणपतला म्हणावं, हे बेबीने परत केलेत. बदल्यात चांगले दे. मी उद्या ठोकून घेतेय."

गाडीवाला "बरं बाई" म्हणाला, आणि ती हात झटकत पाय धुवायला तळ्यावर उतरली.